तपकिरी बगळ्याची शहानिशा

शहानिशे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं. निवृत्तिवेतन कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीत चौतीस वर्षं बसून, समोर आलेला चेहरा आणि कागदावरचा फोटो एकाच इसमाचे आहेत की नाहीत, हे ठरवणं हे त्यांचं काम. माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला, नाव सांगितलं, सही ठोकली, तरी यांचं समाधान होत नसे. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारत, "ओळखीची खूण?" मग समोरच्यानं बाही वर करून लसीचा व्रण दाखवावा, नाहीतर हनुवटी पुढे करून तीळ दाखवावा. तो दिसला की शहानिशे शिक्का उचलत. असे किती शिक्के मारले त्याची मोजदाद नाही, पण चुकीच्या माणसावर एकही पडला नाही, हे त्यांनी निरोपसमारंभात दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणार होते, तेवढ्यात चहा आला.

अशा माणसाला एक साधा बगळा तीन वर्षं ओळखता आला नाही, आणि त्यात दोन सरकारी कार्यालयं, एक जाळं आणि अर्धी गल्ली कामाला लागली.

घरापासून सात मिनिटांवर सार्वजनिक बाग आहे. बागेत तळं, तळ्याभोवती लोखंडी कठडा आणि कठड्याबाहेर बाकं. बहुतेक बाकांचं तोंड रस्त्याकडे. तळ्याकडे तोंड असलेलं बाक एकच, तेही चिंचोळं. निवृत्तीनंतर शहानिशे यांनी तेच निवडलं. पाण्याची आवड वगैरे काही नव्हती. रस्त्याकडे तोंड करून बसलं की ओळखीचं कुणीतरी जातं, थांबतं आणि विचारतं, "काय म्हणते लेक? बँकेतच ना अजून?" हा प्रश्न त्यांना टाळायचा होता.

एकुलती एक लेक. बँकेत होती, काचेच्या केबिनमध्ये, टेबलावर नावाची पाटी. शहानिशे तिथं कामाशिवाय जाऊन ती पाटी वाचून येत. यांच्या निवृत्तीला आठवडा झाला असेल-नसेल, तिनं जेवता जेवता सांगितलं, "बाबा, मी नोकरी सोडलीये. बस चालवायला शिकतेय."

"कसली बस?"

"मोठी. साठ माणसांची."

शहानिशे यांचा घास हातातच राहिला. मग ते जे बोलले ते चौतीस वर्षांच्या सवयीनं बोलले, पण बोलले खरं. "तू माझी मुलगी वाटत नाहीस. माझी मुलगी अशी नव्हती."

"मीच आहे, बाबा. नीट बघा की."

त्यांनी बघितलं नाही. ते बाहेरच्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसले. त्यात दोन वेण्या घातलेली एक शाळकरी मुलगी होती आणि तिला फक्त सायकल चालवता येत होती. महिन्याभरात लेकीनं बसडेपोजवळ खोली घेतली. आई दर रविवारी डबा घेऊन तिच्याकडे जाई. वडील जात नसत. बोलणं बंद होतं. भांडण झालं होतं म्हणावं, तर तेही पुरतं झालं नव्हतं.

तर असे ते बाकावर तळ्याकडे तोंड करून बसलेले असताना एका सकाळी त्यांना तो पक्षी दिसला. तळ्याच्या काठाला एक सपाट दगड आहे, त्यावर. कोंबडीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, अंगभर फिकट ठिपके, मान खांद्यात घुसवलेली, डोळे पिवळे. उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. पाऊण तास हलला नाही. शहानिशे यांना वाटलं, हा मातीचा असावा, उद्यान खात्यानं बसवला असेल. तेवढ्यात त्यानं एक मजेची गोष्ट केली. माशांना घातलेल्या पावाचा एक तुकडा काठावर पडला होता. तो त्यानं चोचीत उचलला, खाल्ला नाही, अलगद पाण्यावर ठेवला आणि पुन्हा गप्प बसला. तुकडा वाहत लांब जायला लागला, तेव्हा त्यानं तो पुन्हा उचलून जागच्या जागी आणून ठेवला. थोड्या वेळानं पाव खायला एक मासोळी वर आली आणि पाव खायच्या आत स्वतःच खाल्ली गेली.

शहानिशे बाकावरून उठून उभे राहिले. कागद पुढं सरकवायचा आणि तोंडातून शब्द न काढता वाट बघायची, हे काम इतक्या निष्ठेनं करणारा दुसरा कुणी त्यांना आजवर खात्यातही भेटला नव्हता. घरी येऊन त्यांनी कोरी फाइल काढली, वर लिहिलं 'तपकिरी', आणि आत रकाने आखले: दिनांक, वेळ, हालचाल, शेरा. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी नोंद पडली: 'डाव्या पायाचे मधले बोट बाहेरच्या बाजूस वाकडे.' रकाना भरल्यावर त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच चांगली झोप लागली.

आता प्रश्न नावाचा. खालच्या मजल्यावर औषधांचं दुकान चालवणारे केमिस्ट राहतात. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत बाटलीत भरून तयार असतं, फक्त लेबल लावायचं बाकी. ते म्हणाले, "बगळा पांढरा असतो. हा तपकिरी म्हणजे आजारी." समोरच्या घरात निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना पक्ष्यापेक्षा रंगात रस. "याला तपकिरी म्हणू नका. नुसतं तपकिरी असं काही नसतंच," असं म्हणून त्यांनी तीन तपकिरी रंग मिसळून बगळ्याचं चित्र काढलं. चित्र उत्तम होतं. फक्त त्यातला बगळा किंचित हसत होता.

वाचनालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात शहानिशे यांना वंचक सापडला. तोही तपकिरी, तोही रेघारेघांचा, तोही मान आखडून बसणारा. पण पुस्तकात लिहिलं होतं की वंचक बसलेला असला की मातकट दिसतो आणि उडाला की पंख एकदम पांढरेशुभ्र दिसतात. म्हणजे तो उडाला की निकाल लागणार. शहानिशे लागोपाठ अकरा सकाळी तो उडायची वाट बघत बसले. पक्षी उडेना. बाराव्या सकाळी त्यांना शिंक आली आणि डोळे उघडून बघतात तो दगड रिकामा. पंख पांढरे होते का, असं त्यांनी शेजारी कसरत करणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं. गृहस्थ म्हणाले, "कुणाचे?" पुढे तेविसाव्या सकाळी तो डोळ्यांदेखत उडाला आणि पंख तपकिरीच निघाले. वंचक बाद झाला. पुस्तकाचं ते पानच शहानिशे यांनी वैतागानं मिटलं. पुढचंच पान नीट वाचलं असतं तर तीन वर्षं वाचली असती, पण त्या पानावरचा पक्षी राखी-काळा होता आणि त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असं त्यांचं मत झालं.

जवळून बघायचं तर कठड्याच्या आत जायला हवं, आणि त्याला उद्यान कार्यालयाची परवानगी लागते. शहानिशे अर्ज घेऊन गेले. खिडकीत एक तरुण कारकून होता.

"पक्ष्याचं नाव लिहिलं नाहीत."

"तेच कळण्यासाठी आत जायचंय."

"नाव नसेल तर अर्ज घेता येत नाही."

"अहो, पण आत गेल्याशिवाय नाव कळायचं कसं?"

"ते मी कसं सांगणार, काका? रकाना आहे म्हणजे भरायला पाहिजे."

हे वाक्य शहानिशे यांच्या ओळखीचं होतं. खिडकीच्या पलीकडून ते इतकं टोचतं, हे मात्र त्यांना नवीन होतं. शेवटी 'अनोळखी बगळा' असं लिहायचं ठरलं. मग कारकुनानं ओळखपत्र मागितलं, बघितलं, पुन्हा बघितलं. कार्डावरच्या शहानिशे यांना भरघोस मिशी होती. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती काढून टाकली होती.

"हे तुम्हीच कशावरून?"

"मी म्हणजे... अहो, मी चौतीस वर्षं..."

"ओळखीची खूण लिहिलीये इथं. उजव्या कानामागं तीळ. जरा वळता का?"

मागं रांगेत सहा माणसं. शहानिशे वळले. कारकुनानं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा कान पुढं दुमडला, तीळ बघितला आणि "आहे," असं रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. घरी परतेपर्यंत शहानिशे यांचा तो कान लाल होता. परवानगी मात्र मिळाली नाही. अर्ज वर पाठवला होता, आणि वर काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी तपकिरी आला तो जरा मळकट होऊन. ठिपके पुसट, पाठ काळपट, डोळ्यांचा पिवळा रंग जाऊन नारिंगी झालेला. फाइलमध्ये शेरा पडला: 'प्रकृती बरी दिसत नाही.' केमिस्ट म्हणाले, "मी सांगितलं होतं," आणि जीवनसत्त्वाचे थेंब दिले. शहानिशे यांनी ते बिस्किटावर टाकून बिस्कीट कठड्याच्या आत फेकलं. ते एका कावळ्यानं खाल्लं आणि तो कावळा पुढं कित्येक दिवस फार उत्साहात होता.

त्याच सुमारास लेकीची शिकाऊ मुदत संपली आणि तिला चौदा नंबरचा मार्ग मिळाला. ही बस रोज सकाळी आठ वीसला बागेच्या फाटकासमोरच्या थांब्यावर येते. ही बातमी आईनं मुद्दाम भाजी निवडताना, वर न बघता सांगितली. शहानिशे म्हणाले, "बरं." तेव्हापासून आठ वीसला त्यांची पाठ रस्त्याकडे आणखी ताठ होऊ लागली. बसचे ब्रेक वाजत, दार उघडे, दार मिटे, बस निघून जाई. फाइलमध्ये त्या वेळेच्या नोंदी नेहमी त्रोटक आहेत. 'आठ वीस. पक्षी स्थिर. मीही.' अशीही एक आहे, आणि ती नंतर खोडलेली आहे.

मग तपकिरी दिसेनासा झाला. आठवडे गेले, महिने गेले. शहानिशे यांचं जेवणात लक्ष लागेना. मास्तरांनी आपल्या चित्राची मोठी प्रत करून दिली आणि बागेच्या फाटकावर सूचना लागली: 'हरवला आहे. तपकिरी बगळा. डाव्या पायाचे बोट वाकडे. मनमिळाऊ.' शेवटचा शब्द मास्तरांनी चित्रातल्या हसण्याला शोभावा म्हणून घातला होता. सूचनेला उत्तरं आली. एका बाईंना पोपट सापडला होता. एका शिंप्यानं कळवलं की त्याचा मेव्हणाही असाच आहे आणि तो मात्र हरवत नाही.

"बगळ्यासाठी पाटी लावलीत," बायको म्हणाली. "आणि पोटची पोर रोज आठ वीसला पाठीमागून जाते, तिच्यासाठी मान वळत नाही तुमची."

"तो विषय वेगळा."

"तुमचे विषय नेहमी वेगळे असतात हो. माणसं तीच असतात."

शहानिशे यांनी वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं, पण ते वाचत राहिले.

तिसऱ्या वर्षी दगडावर पक्षी दिसला आणि शहानिशे जवळजवळ धावत कठड्याशी गेले. तो तपकिरी नव्हता. राखी पंख, पाठ आणि डोकं काळं कुळकुळीत, मानेमागं दोन लांब पांढऱ्या पिसांचा तुरा आणि डोळे लालभडक. दगड तोच, बसायची जागा तीच. हा उपरा आहे आणि यानंच आपल्या बिचाऱ्याला हुसकून लावलं, हे त्यांना पाहताक्षणी कळलं. म्हणजे त्यांना वाटलं, कळलं. त्या दिवसापासून शहानिशे रोज त्याच्यावर छत्री उगारू लागले. तो उडे, तळ्यावरून एक फेरी मारी आणि पुन्हा त्याच दगडावर येऊन बसे. हा निर्लज्जपणा त्यांना सहन होईना. त्याच्यासाठी त्यांनी फाइल उघडली नाही. एवढा मान त्याला द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याऐवजी त्यांनी तक्रार केली. तक्रार चार पानी होती आणि भाषा खिडकी क्रमांक चारची: 'सदर लाल डोळ्यांच्या पक्ष्याने मूळ रहिवासी पक्ष्यास हुसकावून त्याच्या जागी अनधिकृत वास्तव्य केले आहे. पक्ष्यांची एकूण संख्या: दोन. पैकी एक बेपत्ता.' नावासह, रकान्यांसह, तीन प्रतींत. आत जायच्या परवानगीचा अर्ज दोन वर्षं हलला नव्हता, पण तक्रारीला पाय फुटले. महिन्याभरात पत्र आलं. उपद्रवी पक्षी पकडून दूरच्या पाणथळीत सोडण्यासाठी अमुक वारी सकाळी साडेसात वाजता पथक येईल, तक्रारदारानं हजर राहावं. शहानिशे यांनी ते पत्र मास्तरांना दाखवलं, केमिस्टना दाखवलं, बायकोच्या समोर टेबलावर ठेवलं. बायकोनं त्यावर चहाचा कप ठेवला.

ठरलेल्या सकाळी दोन माणसं जाळं घेऊन आली. त्यांच्याबरोबर पक्षी विभागाच्या एक बाई, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण. पकडण्याआधी पक्ष्याची ओळख पटवून सही करायची, असा नियम होता आणि सही त्यांची. हा नियम शहानिशे यांना फार आवडला. केमिस्ट आणि मास्तरही आले होते. केमिस्टनी हातमोजे आणले होते, का ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी दुर्बीण लावली आणि क्षणात काढली. "रातबगळा. पूर्ण वाढ झालेला. छान आहे."

"छान?" शहानिशे दुखावले. "अहो, यानं माझ्या तपकिरीला घालवलं." आणि त्यांनी फाइल पुढं केली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मास्तरांचं चित्र बघून त्या जरा थांबल्या. मग वाचता वाचता त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "काका, इतक्या बारीक नोंदी आमच्या खात्यातही कुणी ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "ठिपके, मग पुसट ठिपके, डोळे पिवळे, मग नारिंगी. सगळं आहे यात. फक्त पक्षी दोन नाहीत. एकच आहे."

"म्हणजे?"

"रातबगळा लहानपणी तपकिरीच असतो. दोन-तीन वर्षं लागतात त्याला असा व्हायला. तुमचा तपकिरी कुठं गेला नाही. मोठा झाला."

"शक्यच नाही," शहानिशे म्हणाले. "मी त्याला चांगला ओळखतो."

"मग खूण बघू या. तुम्हीच लिहिलीये, डाव्या पायाचं बोट."

सगळे दगडाकडे बघू लागले. पक्षी एका पायावर उभा होता. उजव्या. डावा पाय त्यानं पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. जाळंवाले जाळ्यावरच बसले. केमिस्ट म्हणाले, "सांधेदुखी दिसते." मास्तर कुजबुजले की राखी रंगात निळा जरा जास्त झालाय. वीस मिनिटांनी बाई घड्याळ बघू लागल्या. पक्षी ढिम्म. वाट बघायची त्याची तयारी सगळ्यांपेक्षा जास्त होती, आणि शहानिशे पहिल्यांदा कठड्यावरून वाकून त्याच्याकडे बघू लागले, कारण असं उभं राहणारा एकच जण त्यांच्या माहितीचा होता.

त्यांनी खिशातून बिस्कीट काढलं, अर्धं मोडलं आणि कठड्यावरून टाकलं. ते दगडाजवळ पडलं. पक्ष्यानं मान लांब केली, डावा पाय खाली टेकला, एक पाऊल पुढं आला आणि बिस्कीट उचललं. खाल्लं नाही. अलगद पाण्यावर ठेवलं, आणि ते वाहू लागताच उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. बाईंनी दुर्बीण शहानिशे यांच्या हातात दिली. मधलं बोट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं.

शहानिशे यांनी दुर्बीण खूप वेळ काढली नाही. डोळे ओले झाले होते आणि ते चारचौघांपुढं दाखवायचे नव्हते. चार महिने त्यांनी याच्यावर छत्री उगारली होती. ज्याच्यासाठी फाटकावर पाटी लावली, त्यालाच फाटकाबाहेर घालवायला जाळं मागवलं होतं. आणि दर वेळी तो उडून पुन्हा यांच्यासमोरच येऊन बसत होता. त्यांना खिडकीतली एक म्हातारी आठवली. फोटो जुळत नाही म्हणून त्यांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या खेपेला ती न चिडता म्हणाली होती, "साहेब, मीच आहे ती. मध्ये पंधरा वर्षं गेली, एवढंच." तेव्हा त्यांनी तिची खूण बघितली आणि शिक्का मारला. चौतीस वर्षं सगळ्या जगाची खूण बघितली, आणि याची बघितली नाही, कारण बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आणखी एक जण होतं, ज्याची बघितली नव्हती.

"मग पकडायचा का?" जाळंवाला उठला.

"नाही, नाही! तक्रार मागं घेतो मी."

"तक्रार मागं घ्यायला अर्ज लागतो."

"देतो की." शहानिशे यांनी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला: 'बेपत्ता पक्षी मिळाला. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, तोच तो.' पक्ष्यांच्या संख्येपुढचं 'दोन' खोडून 'एक' केलं, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे सही केली, आणि खाली सवयीनं लिहिलं: 'खातरजमा केली.' मग घड्याळ बघितलं. आठ अठरा.

केमिस्ट काहीतरी विचारत होते. शहानिशे ऐकायला थांबले नाहीत. फाइल बगलेत, छत्री हातात, ते फाटकाबाहेर थांब्यावर जाऊन उभे राहिले. तोंड रस्त्याकडे.

बस आली. दार उघडलं. चालकाच्या जागेवर निळ्या गणवेशातली, केस आखूड कापलेली, काळा चष्मा लावलेली एक बाई होती. हिला ते रस्त्यात भेटले असते तर ओळखलं नसतं.

"चला, आत या लवकर," ती सवयीनं म्हणाली, आणि मग तिनं बघितलं. "बाबा?"

"चष्मा काढ."

"अहो, गाडी चालू आहे."

"काढ जरा."

तिनं काढला. डाव्या भुवईत आडवा व्रण होता. सहा वर्षांची असताना तिनं तीन चाकांची सायकल फाटकावर नेऊन आपटली होती, तेव्हाचा. डॉक्टरकडे नेताना ती यांच्या खांद्यावर होती आणि वेदनेनं नाही, सायकल वाकली म्हणून रडत होती. तेव्हापासून सगळं समोर होतं. बघणाऱ्यानं बघायला हवं होतं.

"बघितलं," शहानिशे म्हणाले. "नीट बघितलं. तूच आहेस."

"मीच आहे," लेक म्हणाली. तिनं चष्मा लगेच परत लावला. "आता पुढं सरका, बाबा, मागचे लोक खोळंबलेत."

ते तिच्या मागच्या सीटवर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथं गाडी दहा मिनिटं थांबते. दोघांनी कागदी कपातून चहा घेतला. शहानिशे यांनी सगळं सांगितलं, थेंब प्यायलेल्या कावळ्यासकट. छत्रीचं सांगताना ते अडखळले.

"त्याच्यावर छत्री उगारलीत?"

"रोज. चार महिने."

"आणि तो?"

"पुन्हा तिथंच येऊन बसायचा. मी चुकलो गं."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. लेकीनं चहा संपवला. मग म्हणाली, "तो चौदा नंबर मी मागून घेतला होता, बाबा. मला दुसरा मिळत होता." आणि कप डब्यात टाकून ती गाडीकडे गेली, कारण वेळ झाली होती. परतीच्या वाटेवर शहानिशे यांनी बारकाईनं लक्ष ठेवलं. वळणावर ती आता वेग कमी करते, सायकलवर करत नसे. तेवढा बदल त्यांनी फाइलच्या शेवटच्या पानावर नोंदवून घेतला.

शहानिशे अजूनही सकाळी त्याच बाकावर बसतात. रातबगळा दगडावर असतो, कधी नसतो. त्याचा सगळा कारभार उजाडता आणि मावळता चालतो, हे आता त्यांना माहीत आहे आणि ते केमिस्टनाही ऐकवतात. आठ वीस व्हायला आले की ते उठतात, तळ्याकडे पाठ करतात आणि कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभे राहतात. बागेजवळ भोंगा वाजवायला बंदी आहे, आणि लेक नियम मोडत नाही, वडिलांवर गेलीये. चौदा नंबर येते. आकाश निरभ्र असतं, काच कोरडी असते, आणि त्या काचेवर वायपर एकदा फिरतो.